सहाणेचा खळगा (गीता १०.३४)



आज दहाव्या अध्यायातला ३४वा श्लोक. अर्जुनाने १७व्या श्लोकात विचारलं होतं की देवा, तुझं चिंतन करायचं तर कोणत्या कोणत्या वस्तूंमध्ये करू? तेव्हापासून भगवंतांची यादी चालू आहे. झाडांमध्ये पिंपळ, न हलणाऱ्यांमध्ये हिमालय, नद्यांमध्ये गंगा. सगळी मोठी मोठी नावं.

आजच्या श्लोकात मात्र यादी एकदम आपल्या घरात येते. भगवंत म्हणतात, सगळं हिरावून नेणारा मृत्यू मी आहे. आणि त्याच श्लोकात पुढे सात नावं घेतात: कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती, क्षमा. म्हणजे माणूस नेणाराही तोच आणि माणूस गेल्यावर आपल्याजवळ राहते ती आठवणही तोच. दोन्ही एकाच श्लोकात. हा श्लोक मी आधी कितीतरी वेळा वाचला असेल, पण या वेळी इथेच अडकलो.

कारण गेल्या महिन्यात आमचं गावचं घर रिकामं केलं. आजी जाऊन दोन वर्षं झाली, आता तिथे कोणी राहत नाही. सामान ओसरीवर मांडलं: पितळी डबे, घागरी, पाटा-वरवंटा, तांब्याचा बंब. बंब कोणी न्यायचा यावरून काका आणि आत्यामध्ये सुरू झालं. आधी हळू, मग आवाज चढले. "आईने मला देते म्हणून सांगितलं होतं", "तुला कधी सांगितलं?" तासभर हे चाललं. त्या तासात सगळे आजीच्याच वस्तूंबद्दल बोलत होते, पण आजी मात्र कोणालाच आठवत नव्हती.

दुसऱ्या अध्यायात ६२ आणि ६३ या श्लोकांत हीच साखळी आहे. विषयाचं सतत चिंतन केलं की त्याची ओढ लागते, ओढीतून हवंसं वाटतं, त्यातून राग, रागातून मोह, आणि मोहातून काय? स्मृतिभ्रंश. आठवण जाते. आपल्याला वाटतं वस्तू जपली की आठवण जपली. गीता सांगते, वस्तूतच मन गुंतून बसलं तर आठवणच आधी जाईल. त्या ओसरीवर मी ही साखळी पहिल्यापासून शेवटपर्यंत घडताना पाहिली.

मग उरलेल्या सामानात एक सहाण निघाली. दगडाची, जुनी, विकायला गेलं तर काही मिळणार नाही अशी. तिच्यावर कोणाचाच हक्क नव्हता. आत्याने ती उचलली आणि मधल्या खळग्यावरून बोट फिरवत म्हणाली, "बघ रे, एवढा दगड आईने झिजवला." चंदनाचं खोड मऊ, दगड कठीण. तरी रोजच्या चार थेंब पाण्याने आणि रोजच्या उगाळण्याने त्या दगडाला खळगा पडला होता. काकाही शेजारी येऊन बसला. मग कितीतरी वेळ दोघं आजीबद्दल बोलत राहिले. (बंब शेवटी आत्याकडे गेला. काकानेच गाडीत ठेवून दिला.)

आता वस्तू म्हणून बघितलं तर बंबही आजीचाच, सहाणही आजीचीच. मग फरक कशाने पडला? आमच्या कामातली भाषा वापरतो. पॉइंटरमध्ये व्हॅल्यू नसते, फक्त पत्ता असतो. पत्त्यावर गेलं तर व्हॅल्यू मिळते. पत्त्याचा कागदच धरून बसलं तर हातात कागदच राहतो. सहाणेने दोघांना आजीपर्यंत नेलं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून जे जातं दाखवतात, त्याच्यापुढे लोक हात जोडतात तेही याचसाठी. दगडाला नाही, दळता दळता घेतलेल्या नामाला.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, माझ्याकडे तर वस्तूच नाही. किंवा आठवणच पुसट होत चालली आहे. मलाही आजीचा आवाज आता नीट आठवत नाही. रेकॉर्डिंग एकही नाही. याचं फार वाईट वाटतं. अशा वेळी पंधराव्या अध्यायातला १५वा श्लोक धीर देतो. भगवंत म्हणतात, स्मृती आणि ज्ञान माझ्यापासून येतं, आणि त्यांचं जाणंही माझ्यापासूनच. आपण विसरतो म्हणजे आपलं प्रेम कमी पडलं असं नाही. जे आपल्याकडून निसटलं ते त्याच्याकडे आहे.

आणि ही स्मृती गीतेत शेवटी कुठे पोहोचते? अठराव्या अध्यायात ७३व्या श्लोकात अर्जुन म्हणतो, माझा मोह गेला, मला स्मृती परत मिळाली, आता तू सांगशील ते करीन. स्मृती मिळाल्यावर तो आठवणीत रमून बसला नाही, कामाला उभा राहिला. मला वाटतं, खरी आठवण ओळखायची खूण हीच. जी आपल्याला काहीतरी करायला लावते ती स्मृती.

ती सहाण आता आमच्या फ्लॅटमधल्या छोट्या देव्हाऱ्यापाशी आहे. शोकेसमध्ये ठेवू, असं घरात एकदा निघालं होतं. पण मी सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी दोन मिनिटं तिच्यावर गंध उगाळतो. खळगा आयता मिळालाय, त्यामुळे पाणी बाहेर सांडत नाही. आपल्या आधीच्या कोणीतरी रोज थोडं थोडं केलेलं असतं, म्हणून आपलं सोपं होतं.

आजचा अभ्यास: घरातली आपल्या माणसाची एक वस्तू काढा. ते माणूस त्या वस्तूने काय करायचं, ते आठवा आणि आज एकदा तेच करा. अडकित्ता असेल तर सुपारी कातरा. डबा असेल तर त्यात खाऊ भरून शेजारी द्या. वस्तू नसेल तर त्यांची एखादी सवय घ्या. आणि करताना नाम घ्या, बस.

उद्या श्लोक ३५, मार्गशीर्ष आणि वसंत. भेटूच.

राम कृष्ण हरी.