नाक उसनं आणू नकोस

तुझी चार पानं मिळाली. वाळूजच्या बिअर कारखान्यात प्रयोगशाळेत लागलास, आता चव-परीक्षकांच्या गटात घेणार आहेत, म्हणून सरावाला केलेली नोंद पाठवलीस आणि वर लिहिलंस, ‘सर, स्पष्ट सांगा.’ स्पष्टच सांगतो. ही नोंद नाही, पोपटपंची आहे. तुझ्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

बाटली कोणती, तर मावसभावाने बेल्जियमच्या गेंटहून आणलेली गुल्डन ड्राक ब्रूमास्टर. साधी नव्हे. गेंटजवळच्या एर्टवेल्डमध्ये व्हान स्टेनबर्ख नावाची ब्रुअरी आहे, तिची ही गडद, साडेदहा टक्क्यांची बिअर. व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिंपांत मुरवलेली. गेंटच्या घंटाघराच्या कळसावर सोनेरी ड्रॅगन आहे, त्याचं नाव हिला दिलंय. असली वस्तू वाळूजला रोज येत नाही. आणि तू काय केलंस? फ्रीजमधून काढली, स्टीलच्या पेल्यात ओतली, शेजारी तिखट शेव घेऊन बसलास. हे तूच लिहिलंयस, मी बनवून सांगत नाही.

अरे, बर्फगार बिअरला वास येत नाही, हे तुला कुणी सांगायला हवं का? वास म्हणजे हवेत उडणारे रेणू. गारठ्यात ते द्रवातच अडकून राहतात. अशी बिअर दहा-बारा अंशांवर प्यायची, काचेच्या फुगीर, तोंडाशी निमुळत्या पेल्यात, म्हणजे वास वर साठतो. स्टीलच्या पेल्यात रंगही दिसत नाही, मग ‘सुंदर लालसर तपकिरी’ तू कशावरून लिहिलंस? लेबलावरून. आणि तोंडात मिरचीचा जाळ असताना कडवटपणा मोजायला निघालास!

पहिल्याच ओळीत ‘साडेदहा टक्के, काय किक आहे!’ किक हा शेरा झाला का? आकडेमोड कर. ३३० मिलिलिटरमध्ये साडेदहा टक्के म्हणजे जवळजवळ ३५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ६० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या पेगात, ४२.८ टक्क्यांनी, जेमतेम २६ येतं. म्हणजे एका पेगाहून जास्त दारू तू एका बैठकीत रिचवलीस आणि शेवटच्या पानावर निकाल दिलास. पहिल्या पानावरचं तुझं अक्षर आणि चौथ्या पानावरचं, दोन्ही शेजारी ठेवून बघ. परीक्षकाला तीस-चाळीस मिलिलिटर पुष्कळ झाले. मध्ये पाणी, साधा पाव आणि प्रत्येक घोटापुढे वेळ. तुझ्या चार पानांत घड्याळ कुठेच नाही. मग पहिल्या घोटाला जो वास होता तो वीस मिनिटांनी, पेला कोमट झाल्यावर, कसा बदलला, हे मी कुठे शोधू?

आता पिंपाकडे वळू. तू लिहितोस, ‘व्हॅनिला इसेन्स टाकला असावा.’ असावा? बेंझीन रिंग तुला फळ्यावर कुणी काढून दाखवली? ओकच्या लाकडात लिग्निन असतं, पिंप आतून भाजलं की त्याचं विघटन होऊन व्हॅनिलिन सुटतं. खोबऱ्यासारखा जो वास तू ‘ट्रॉपिकल’ म्हणून मोकळा झालास, तो ओकमधल्या लॅक्टोनचा. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला नवंकोरं, जाळलेलं ओकचं भांडंच लागतं असा कायदा आहे, म्हणून एकदा वापरलेली पिंपं ते विकून टाकतात. ती स्कॉटलंडला जातात, बिअर मुरवणारेही घेतात. लाकडाच्या छिद्रांतून महिनोन्‌महिने थोडा थोडा ऑक्सिजन आत झिरपतो, त्याने गडद बिअरला शेरी वाइनसारखी किंवा सुकामेव्यासारखी छटा येते. तोच जास्त झाला की ओल्या पुठ्ठ्याचा वास. तुझ्या बाटलीत यातलं काय होतं? एक अक्षर नाही. उलट रंग पिंपामुळे आला असं ठोकून दिलंस. रंग भाजलेल्या माल्टचा आणि करपवलेल्या साखरेचा; लाकूड त्यात नावापुरतं.

साखरेचं नाव निघालंच आहे, आणि माझा खरा राग इथेच आहे.

तिसऱ्या पानावर, मधोमध, तू एक ओळ लिहून खोडलीस. खोडलेली असली तरी मला वाचता आली: ‘मळीच्या टाकीजवळ येतो तसा वास, पण गोड, खाली काकवी.’ आणि वर काय लिहिलंस? ‘डार्क फ्रूट, फिग, प्लम, टॉफी.’ चार पानांत ती एकच ओळ तुझी स्वतःची होती आणि नेमकी तीच तू खोडलीस! प्लम तू आयुष्यात किती खाल्लेस? मळी मात्र तुझ्या श्वासात आहे. तू साकरवाडीच्या बाजूचा. वडील कारखान्यात. कोळपेवाडी, सहजानंदनगर, साकरवाडी, या एका तालुक्यात उसाची एवढी गाळपं व्हायची की हंगामात शाळेच्या खिडकीतून वास यायचा आणि आम्ही शिक्षक खिडक्या लावून घ्यायचो. करपलेली साखर, आंबलेली मळी, फर्मेंटरवरचा फेस, स्पिरिटमधल्या फ्युजल ऑईलचा उग्रपणा, हे ज्याला दहा वर्षांचा असताना ओळखता येत होतं, त्याने परक्याच्या लेबलावरचं फळ उतरवून काढावं? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

आणि ती ओळ चुकीची नव्हती. बेल्जियमचे ब्रुअर जोरदार बिअरमध्ये साखर घालतात, तिथली बीटची. ‘कँडी शुगर’ म्हणतात ती. गडद हवी तर ती तापवून, करपवून, पाक काळा होईपर्यंत नेतात. काकवी आणि मळी तुला तिथेच भेटली. साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, म्हणून अल्कोहोल वाढतं पण बिअर जड होत नाही. नुसत्या माल्टवर साडेदहा टक्के गाठायचे तर पाकासारखं काहीतरी होऊन बसेल. तूही लिहिलंस, ‘एवढी स्ट्राँग असून जिभेवर हलकी?’ पुढे प्रश्नचिन्ह, आणि पुढचा परिच्छेद शेवेवर. अरे, तिथेच थांबायचं होतं! साखरेच्या तालुक्यातला मुलगा त्या प्रश्नचिन्हावर तासभर बसला असता. आपल्याकडे मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबायला ठेवलेल्या द्रावात, यीस्ट दीड-दोन दिवसांत काम आटोपतं आणि माल ऊर्ध्वपातनाला जातो. वासाचं कुणाला पडलेलं नसतं, स्पिरिट किती निघालं ते बघतात. तिकडे तीच यीस्टची जात आठवडे घेते, वर दुसऱ्या आंबवणीला व्हान स्टेनबर्ख वाइनचं यीस्ट वापरतात, शिवाय पिंप. साखर तीच, जीव तोच, वेळ वेगळा. हे तू लिहायला हवं होतंस. दुसऱ्या कुणाला ते सुचणारच नाही.

न पाहता पिण्याचा धडा तुला नवा नाही. आपल्या तालुक्यातल्याच बेटातल्या शुक्राचार्यांच्या देवळात तू लहानपणापासून जातोस. शेजारी कचेश्वर आहे. महाभारताच्या आदिपर्वातली गुरू शुक्राचार्य आणि शिष्य कच यांची कथा मी वर्गात सांगायचो तेव्हा तुम्ही पोरं संजीवनी विद्येवर खूश व्हायचात. मी मात्र ती दुसऱ्याच कारणासाठी सांगत होतो. असुरांनी कचाला जाळलं, राख मद्यात कालवली आणि पेला गुरूच्या हाती दिला. मेलेल्याला उठवणारा गुरू, पण हातातल्या पेल्यात काय आहे ते न पाहता प्यायला. पुढे मद्य पिणाऱ्यांना शाप देत बसला. न पाहता पिणारा केवढाही मोठा असो, परीक्षक म्हणून तो नापास.

तू बुद्धीने कमी नाहीस. तुला लाज वाटली, मळी म्हणजे गावंढळपणा वाटला, म्हणून खोडलंस. ती लाज तुझं नाक खाऊन टाकेल. उद्या कारखान्यात तीन पेले समोर येतील, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता, ते सांगायचं असतं. तिथे लेबल नसतं. कुणाची फळं उतरवशील?

आता हे कर. दुसरी बाटली लगेच मिळणार नाही, गरजही नाही. घरी येशील तेव्हा वडिलांना सांगून थोडी मळी आण, काकवी, काळा गूळ, खजूर, मनुका, सुकं अंजीर वाट्यांत मांड. सकाळी, उपाशीपोटी, डोळे मिटून एकेक हुंग आणि जे येईल ते वेळेसकट लिही. मग तुझ्या आठवणीतली ती बिअर त्यांच्याशेजारी ठेव. एक पान पुरे. वहीत खाडाखोड चालेल, पण खोडलेलं वाचता आलं पाहिजे.

ते पान हातात पडेपर्यंत तू मागितलेल्या शिफारसपत्रावर मी सही करणार नाही.