साठ-शून्य

मॉरिशस बेटावर बेल रीव्ह नावाचा एक गाव होता. चहूकडे ऊस, मध्ये मजुरांची घरं. तिथे एक मुलगा वाढत होता. त्याचा बाप बिहारहून मजुरीच्या करारावर आलेला. मुलगा सात वर्षांचा असताना बाप गेला. बारा वर्षांचा झाला तेव्हा गोठ्यात अपघात होऊन मुलाचा डावा डोळा गेला.

उरलेल्या एका डोळ्याने मुलगा शिकला. 1921 मध्ये बोटीत बसून लंडनला गेला आणि 1935 मध्ये डॉक्टर होऊन घरी परतला.

बेटावर तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि मोठमोठे मळे फ्रेंच वंशाच्या मालकांचे. राबणारे मात्र चहूकडून आलेले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची लेकरंबाळं होती, चिनी दुकानदार होते, आणि 1834 पासून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेले हिंदुस्थानी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, होते. धक्क्यावरून वर यायला दगडी पायऱ्या होत्या, सोळा. त्या सोळा पायऱ्या चढला की माणूस मळ्यावरचा मजूर होई. कोणी कलकत्त्याहून आला, कोणी मद्रासहून. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींतून आपल्या रत्नागिरीकडची माणसंही गेली. त्यांची पतवंडं अजून तिथे गणपती बसवतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते.

डॉक्टरांनी रोगी तपासले आणि हळूहळू राजकारणातही पाऊल टाकलं. लोक त्यांना चाचा म्हणू लागले. 1967 ची निवडणूक स्वातंत्र्याच्या प्रश्नावर झाली. चाचांचा पक्ष जिंकला, पण शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी विरोधात मत दिलं होतं. हिंदूंच्या राज्यात आपलं काय होईल, ही भीती अनेकांच्या पोटात होती. पुढच्या जानेवारीत राजधानीत दंगल उसळली. माणसं मेली, घरं जळली, इंग्रजांचं सैन्य रस्त्यावर आलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 12 मार्च 1968 ला, नवा झेंडा चढला आणि शिवसागर रामगुलाम स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान झाले.

खुर्चीवर बसल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. ज्यांनी स्वातंत्र्याविरुद्ध रान उठवलं होतं, त्या गाएताँ द्युव्हालना त्यांनी 1969 मध्ये सरकारात घेतलं आणि परराष्ट्रमंत्री केलं. नको असलेल्या देशाचा शब्द जगात नेण्याचं काम द्युव्हालनी पत्करलं.

चाचांनी सगळंच असं केलं नाही. बंदरात संप झाले, कामगारांचा एक तरुण पुढारी डोईजड झाला, तेव्हा त्यांनी आणीबाणी आणली. पोल बेराँजे नावाच्या त्या गोऱ्या तरुणाला 1971 च्या अखेरीस तुरुंगात टाकलं आणि सुमारे वर्षभर आत ठेवलं. निवडणुकाही पुढे ढकलल्या. त्या 1976 मध्ये झाल्या तेव्हा सर्वांत जास्त जागा बेराँजेच्या पक्षाला मिळाल्या. चाचांनी द्युव्हालशी हातमिळवणी करून सरकार राखलं. मग 1977 पासून माध्यमिक शाळा मोफत केल्या. उसाच्या शेतात राबणाऱ्या बाईची मुलगी फीशिवाय शाळेत जाऊ लागली. पण साखरेचे भाव पडले, बेकारी वाढली, रुपया उतरला. लोक कंटाळले.

जून 1982 मध्ये मतदान झालं. या बेटाचे वीस मतदारसंघ, प्रत्येकाचे तीन आमदार. मतदाराने तीन नावांवर खूण करायची. एकदा वारं फिरलं की माणसं तिन्ही खुणा एकाच बाजूला करतात. चाचांच्या बाजूलाही बरीच मतं पडली होती, पण मोजणी संपली तेव्हा बेटावरच्या साठच्या साठ जागा समोरच्यांच्या होत्या. चाचा स्वतः पडले. वय एक्क्याऐंशी. ज्या त्रिओले मतदारसंघाने वर्षानुवर्षं निवडून दिलं, त्याच त्रिओलेने नाकारलं.

सैन्य हललं नाही, कारण त्या देशाला लष्करच नव्हतं. कोणी मतपेट्यांना हात लावला नाही, निकाल नाकारला नाही. चाचा उठले आणि घरी गेले.

खुर्चीवर बेराँजेंच्या पक्षातले एक वकील आले, अनिरुद्ध जगन्नाथ. वर्ष उलटायच्या आत त्यांचं आणि बेराँजेंचं बिनसलं. वकिलांनी नवा पक्ष काढला, चाचांच्या हरलेल्या पक्षाला सोबत घेतलं आणि ऑगस्ट 1983 मध्ये पुन्हा निवडणूक जिंकली. देशात तेव्हा इंग्लंडच्या राणीचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल असे. नेमणूक राणीच्या नावाने होई, नाव मात्र पंतप्रधान सुचवत. वकिलांनी नाव सुचवलं, शिवसागर रामगुलाम.

यात राजकारण होतंच. चाचांचा पक्ष सोबत हवा होता, चाचांची माणसं हवी होती. तरीही ज्याला साठ-शून्याने झोपवलं त्याला देशातल्या सर्वांत वरच्या जागी बसवायला मन मोठं लागतं, आणि जो हरला त्याने ती जागा राग न धरता घ्यायलाही लागतं. राज्यघटनेचा नियम असा की पंतप्रधानाने कारभाराची खबर गव्हर्नर जनरलला देत राहायची. त्यामुळे जिंकलेला माणूस हरलेल्याकडे राज्याचा हालहवाल सांगायला जाऊ लागला. डिसेंबर 1985 मध्ये चाचा वारले तेव्हा ते त्याच पदावर होते. पांप्लमूसच्या वनस्पतिबागेत त्यांना अग्नी दिला गेला. त्या बागेला आज त्यांचं नाव आहे, देशाच्या विमानतळालाही.

मग चाक फिरलं. 1995 मध्ये वकील साठ-शून्याने हरले. हरवणारे होते चाचांचे चिरंजीव नवीन, आणि त्यांच्या जोडीला बेराँजे. वकीलही उठले आणि घरी गेले. पाच वर्षांनी ते आणि बेराँजे पुन्हा एकत्र आले आणि जिंकले. ठरलं असं की पहिली तीन वर्षं वकिलांची, उरलेली दोन बेराँजेंची. राजकारणात असे करार पुष्कळ होतात, पाळले क्वचितच जातात. हा पाळला गेला. 2003 च्या सप्टेंबरअखेर वकिलांनी राजीनामा दिला आणि हिंदू बहुसंख्य देशाचा पंतप्रधान एक फ्रेंच वंशाचा माणूस झाला. 1968 च्या दंगलीतली राख ज्यांनी पाहिली होती, त्यांतले कितीतरी जण हे पाहायला हयात होते.

या खुर्चीची एक बाजू मला खुपते. स्वातंत्र्यापासून तिच्यावर पाचच माणसं बसली, आणि पाचांतली चार दोन घरांतली. पुन्हा पंतप्रधान झालेल्या वकिलांनी 2017 मध्ये ती निवडणुकीशिवाय आपल्या मुलाच्या, प्रविंदच्या, हाती दिली. नियमात बसत होतं, पण लोकांना विचारलं नव्हतं, आणि ते बरं झालं नाही. बाप मुलाला शेत देऊ शकतो, राज्य देऊ नये. तरीही या घरांतल्या कोणीच पायउतार व्हायला नकार दिला नाही, हे मोठं आहे. नाना जातींच्या, नाना धर्मांच्या त्या बेटावर प्रत्येक हरणाऱ्यामागे एक अख्खी वस्ती उभी असते. तो शांतपणे उठला तर ती वस्ती आपल्या दाराला कडी न लावता झोपते. आणि जिंकणारा त्याला मान देतो तेव्हा त्या वस्तीलाही कळतं की या देशात आपली जागा शाबूत आहे.

चाचांचे चिरंजीव 2014 मध्ये स्वतःच्या मतदारसंघात पडले, 2019 मध्ये पुन्हा पडले. घरी राहिले, पुन्हा उभे राहिले. नोव्हेंबर 2024 मध्ये तिसऱ्यांदा बेटावर साठ-शून्य झालं. प्रविंद जगन्नाथांनी मोजणी पुरती व्हायच्या आतच हार मान्य केली. नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले आणि त्यांनी उपपंतप्रधान म्हणून शेजारी बसवलं पोल बेराँजेंना, ज्यांना त्यांच्या वडिलांच्या सरकारने एकेकाळी वर्षभर कोठडीत ठेवलं होतं.