आज काय करू?

तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत मोठमोठे प्रश्न असतात. मी कोण, हे जग कशासाठी, चांगले म्हणजे काय. मॅट्रिकपुढे न शिकलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेने त्यांच्या वाटेला न गेलेलेच बरे. पण मराठी घरात रोज विचारला जाणारा एक प्रश्न आहे, आणि नीतीची चर्चा करणाऱ्यांनी त्याची दखल घेतलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. "आज काय करू?" हा तो प्रश्न. त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते : "कर काहीही."

हे उत्तर मोठे उदार वाटते. तुला सर्व मोकळीक आहे, असा त्याचा वरवरचा अर्थ. परंतु ताट समोर आल्यावर "पुन्हा दुधी?" असे म्हणण्याचा हक्क उत्तर देणाऱ्याने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. निर्णय एकीचा आणि तक्रार सर्वांची, अशी ही वाटणी आहे.

त्या एका निर्णयात काय काय सामावलेले असते, ते एकदा मांडून पाहावे. आणलेला घेवडा उद्यापर्यंत टिकणार नाही. सासूबाईंना मधुमेह, तेव्हा बटाटा नको. धाकटीच्या डब्यातून रस्सा सांडतो, म्हणून भाजी कोरडी हवी. यजमानांचा गुरुवार. नारळाची एक कवड उरलेली आहे. महिन्याची पंचवीस तारीख, तेल जपून. परवा मटकीची उसळ हवी असेल तर मटकी आज रात्रीच भिजत पडली पाहिजे. थोड्या वस्तू अनेकांत कशा वाटाव्यात, कोणाची गरज आधी पाहावी आणि कोणाची आवड नंतर, हा न्यायाचा प्रश्न नव्हे तर दुसरे काय? न्यायाधीश निकाल देऊन घरी जातो. गृहिणीला आपल्या निकालाबरोबर त्याच घरात राहावे लागते.

२०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने आपल्या देशातील माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरची बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. हाताने केलेले काम असे मोजता येते. पण बसच्या रांगेत उभे असताना, फळ्यावर बेरीज लिहीत असताना, मनाच्या एका कोपऱ्यात मटकी भिजत असते; ती मिनिटे कोणत्या रकान्यात घालायची?

पाककृती लिहून ठेवण्याची आपल्याकडची परंपरा काही कालची नाही. 'सूपशास्त्र' छापले गेले ते १८७५ साली. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' आले. त्या नावातच पाहा, मित्र आहे तो गृहिणीचा. 'गृहस्थमित्र' असे नाव सुचण्याचा तो काळ नव्हता. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही कोणत्याही घरात सापडणारी मापे हाती दिली. लग्न होऊन परगावी गेलेल्या कितीतरी मुलींना आमटी या पुस्तकाने शिकवली. शेजारी सासू नाही, आई दूर, आणि तरी आमटी जमली.

यावर जुनी माणसे म्हणतात, "पुस्तकात हाताची चव कुठून येणार?" हाताची चव मी नाकारीत नाही. परंतु या कौतुकात एक मेख आहे. चव जर हातातच असेल तर ते काम दुसऱ्या हाताकडे कधीच जाऊ शकत नाही. "तुझ्यासारखी पुरणपोळी कोणाला जमत नाही" हे वाक्य ऐकणाऱ्या बाईला दर होळीला ओट्यापाशी उभे करते. जे लिहिता येते ते देता येते. मला लिहिण्याची किंमत वाटते ती याचसाठी.

माझ्या आईची एक वही माझ्याकडे आहे. वाण्याच्या लाल वहीसारखी लांबट. तिच्यात मापे थोडी आणि माणसे फार. 'मावेल तितके पीठ', 'पाणी अंगासरसे' असे लिहून पुढे कंसात 'अण्णांसाठी तिखट कमी', 'बाळूला ओले खोबरे लागते', 'वन्संना कांद्याशिवाय'. साठ-सत्तर पदार्थ असतील. त्यांतल्या एकाशीही तिने स्वतःचे नाव जोडलेले नाही. मी मावशीला विचारले, "आईला काय आवडायचं गं?" मावशी जरा थांबून म्हणाली, "तिला सगळंच आवडायचं."

सगळेच आवडणे आणि काहीही चालणे यांत फारसे अंतर नाही, असे मला तेव्हा वाटले. आपण याला त्याग म्हणतो. पण त्याग करण्यासाठी सोडण्याजोगे काही आधी आपले असावे लागते. मला बासुंदी आवडते आणि आज मी ती तुला देते, हा त्याग. जिची आवड कोणी विचारली नाही, आणि पुढे तिलाही ती आठवेनाशी झाली, तिच्या बाबतीत हा शब्द वापरणे म्हणजे घराने आपले देणे बुडवून वर तिची आरती करणे होय.

म्हणून आमच्या घरी आता फडताळाच्या दाराला आतून आठवड्याचा कागद लावलेला असतो. प्रत्येकाने एका दिवसाचे ठरवायचे. ठरवायचे म्हणजे नुसते नाव सांगायचे नाही. घरात काय आहे ते पाहायचे, नसेल ते आणायचे, भिजवायचे ते आदल्या रात्री भिजवायचे. सासूबाई म्हणाल्या, "हे घर आहे की खानावळ?" त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कागदाला ताप कळत नाही. शुक्रवारी वांग्याचे भरीत लिहिलेले असले आणि कोणी अंथरुणावर असले, तर मऊ भातच करावा लागतो.

याचा उलगडा मला शाळेत होतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम आणि ३० ग्रॅम, असे प्रमाण ठरलेले आहे. पाटलाचे पोर असो की ऊसतोडणी कामगाराचे, माप तेच. आवडता-नावडता हा भेद त्या मापाने मिटवला, हे थोडे काम नव्हे. पण रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कोणते मूल ताटली घेऊन दुसऱ्यांदा रांगेत येते, हे वाढणाऱ्या बाईच्याच लक्षात येते. लिहिलेल्या मापाने अन्याय टळतो. भूक दिसते ती बघणाऱ्याला. घरालाही दोन्ही हवीत. फरक इतकाच, की बघण्याचे काम एकाच जोडी डोळ्यांवर टाकलेले नसावे. ज्याने एक दिवस सर्वांच्या जेवणाचा विचार केला, त्याला उरलेले सहा दिवस शेजारच्याचे ताट दिसू लागते. आमच्या थोरल्याने आपल्या वारी आजीसाठी बिनबटाट्याची भाजी न सांगता वेगळी काढली, तेव्हापासून सासूबाईंनी खानावळीचे नाव काढलेले नाही.

त्या कागदावर माझाही एक दिवस आहे. नियम असा, की आपल्या दिवशी आपल्या आवडीचे लिहायचे. माझा रकाना तीन आठवडे कोरा राहिला. दुसऱ्यांना काय आवडते याची यादी तोंडपाठ होती. स्वतःची आठवत नव्हती. चौथ्या आठवड्यात लिहिले : मुगाचे धिरडे आणि लसणाची चटणी. कोणी त्याचे विशेष कौतुक केले नाही. धाकटीने तर अर्धे टाकले. मी तीन खाल्ली, गरम गरम, सर्वांच्या बरोबर बसून.