दुरुस्तीचे पैसे

औरंगाबादेत शहागंजातून सिटी चौकाकडे निघालं की लग्नपत्रिका, लेटरहेड, बिलबुकं छापून देणारी दुकानं लागायची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्यांतल्या काहींचा हंगाम लग्नसराईइतकाच प्रबंध सादर करण्याच्या तारखांवर चाले. जालना, बीड, उस्मानाबादकडून विद्यापीठात शिकायला आलेली मुलं फुलस्केप कागदांची भेंडोळी घेऊन रात्री उशिरापर्यंत स्टुलावर बसलेली दिसत. मराठी मजकूर श्रीलिपीत टाइप होई, उर्दूवाल्यांना इनपेज असलेलं दुकान शोधावं लागे. भाव पानावर ठरे. दुरुस्तीचे पैसे वेगळे.

मी तेव्हा मराठी शिकवत होतो. मुलं माझ्या सूचना नीट ऐकून घेत, "हो सर" म्हणत आणि प्रकरण जवळपास जसंच्या तसं परत आणत. शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त झालेल्या असत, कारण ते काम ओळीत भागे. तिसरं प्रकरण आधी घ्या, हा निष्कर्ष पुराव्याला धरून नाही, पुन्हा मांडा, असं म्हटलं की चेहरे पडत. मला ते सुचवायला अर्धं मिनिट पुरे. त्यांच्यासाठी ते चाळीस पानांचं बिल होतं. मराठवाड्यातल्या संशोधनाचा दर्जा का घसरला, यावर आमच्याकडे चर्चासत्रं काही कमी झाली नाहीत. पानामागच्या दराचा विषय मात्र एकाही बीजभाषणात निघाला नाही.

लिहिलेलं मोडून पुन्हा लिहिण्याची मुभा ही संगणकाची खरी देणगी. ती ज्याच्या घरी यंत्र आहे त्यालाच मिळत होती. बाकीच्यांना संगणक म्हणजे टंकलेखन यंत्राची महागडी आवृत्ती. शिवाय युनिकोड रुळण्याआधी एका दुकानातली फ्लॉपी दुसऱ्या दुकानात उघडली, आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर मराठीऐवजी रोमन चिन्हांची खिचडी समोर येई. म्हणजे प्रबंध विद्यार्थ्याचा, पण त्याची फाइल व्यवहारात दुकानदाराच्या ताब्यात. तो गावाला गेला की संशोधनही थांबलं.

महाविद्यालयांत संगणक नव्हते असं नाही. मी ज्या कक्षांत डोकावलो तिथे चपला बाहेर, यंत्रांवर प्लास्टिकची आवरणं आणि किल्ली एकाच माणसाकडे. तो ५ वाजता घरी जाई. त्यात भारनियमन. भाषेच्या विद्यार्थ्याला संगणक कशाला, असं तोंडावर कुणी म्हणत नसे. वेळापत्रक तेवढं सांगून जाई. नॅकच्या मूल्यमापनात विद्यार्थी-संगणक गुणोत्तर विचारतात. ते भागाकाराने निघतं. त्यात किल्लीचा हिशेब येत नाही.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये एकच मोठा संगणक अनेक टर्मिनलांना जोडला आणि विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही चालवता यावी म्हणून बेसिक ही भाषा रचली. त्यांचा आदर्श ग्रंथालयाचा होता: कपाटं उघडी, कारण न विचारता कुणीही यावं. तेव्हा संगणक आजच्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ आणि महाग होता, म्हणून पैशाची सबब मला पूर्ण पटत नाही. आपल्याकडे तर अनेक ग्रंथालयांतलीच कपाटं कुलूपबंद. संगणकाने तीच चाल उचलली.

मुलींचं गणित आणखी वेगळं होतं. सायबर कॅफेच्या लाकडी खोपट्यात बसायला घरचे पाठवत नसत. २०११ च्या केंद्रीय नियमांनी आडोसा साडेचार फुटांहून उंच नको असं ठरवलं, ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची केली. पण तोवर मोबाइलने कॅफेचा धंदाच बसवायला घेतला होता.

आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, मग प्रश्न उरला कुठे, असं सहकारी म्हणतात. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये देशात ग्रामीण भागातल्या ४.४ टक्के आणि शहरी भागातल्या २३.४ टक्के घरांत संगणक होता. फोनवर वाचता येतं, बोलून मराठी उमटवताही येते, आणि बरी उमटते. दीडशे पानं मागेपुढे करणं, तळटीपा सांभाळणं तिथे जिकिरीचं आहे. अलीकडे एका विद्यार्थिनीचं प्रकरण व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी आलं. ते दोन भागांत तोड, असं मी सुचवलं. "तोडते सर, पण जोडायला दुकानातच जावं लागेल," ती म्हणाली. मग वसतिगृहातल्या मैत्रिणीचा लॅपटॉप तिला रात्री, मैत्रीण झोपल्यावर, मिळू लागला आणि ते प्रकरण तिने मुळापासून नव्याने लिहिलं. पुढची दोन प्रकरणं मैत्रिणीची परीक्षा सुरू झाल्यावरची आहेत. वाचताना ते कळतं.