माणसाचा वर्ग कोण ठरवितो?

"नाव बदलून काय होते?" असे लोक आपणांस विचारतात. चिनी लिपीचे उदाहरण पाहा.

त्या लिपीत मुळाक्षरे नाहीत. हजारो चिन्हे आहेत. चिन्हाच्या एका अंगावरून कोशात त्याचा वर्ग ठरतो : पाणी, झाड, माणूस, कुत्रा. इ. स. 100 च्या सुमारास श्यू शन या पंडिताने असे 540 वर्ग पाडले. 1716 च्या कांगशी कोशात ते 214 आहेत. ही शब्द शोधण्याची सोय होती. परंतु दक्षिण चीनमधील याओ, च्वांग या जमातींची नावे कुत्र्याचे अंग जोडून लिहिली जात. जिवंत माणसे जनावरांच्या वर्गात!

1939-40 च्या सुमारास सरकारने कुत्र्याच्या जागी माणसाचे अंग आणले. 1965 मध्ये च्वांगांना 'बलवान' अर्थाचे चिन्ह मिळाले.

एवढ्याने पोट भरत नाही, हे खरे. पण आपले नाव लिहिताना त्यांच्या मुलाला आता कुत्रा लिहावा लागत नाही. त्याच लिपीत 'बुद्ध' हा शब्दही माणसाच्याच वर्गात आहे.

शब्दांचे वर्ग खुशाल पाडावेत. माणसाला माणसांतून काढण्याचा अधिकार मात्र लेखणी हाती असलेल्या कोणालाही नाही. म्हणून मुलांच्या दाखल्यावर काय लिहिले आहे, ते स्वतः वाचून पाहा.