तांदळाकडचे गुरुजी

माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा होती. दोनशिक्षकी ती कागदावर. एक जागा रिकामीच, त्यामुळे पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकट्या मॅडम सांभाळायच्या. 2023 साली सरकारनं रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक महिना 20 हजार मानधनावर घ्यायचं ठरवलं, तेव्हा गावकऱ्यांना पहिली आठवण झाली ती गुरुजींची. गुरुजी याच शाळेतून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मला पैसा नको. पेन्शन आहे. असाच येतो."

फुकट राबणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही, हीच मोठी पंचाईत असते.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावरचं मॅडमचं सुलेखन पुसून आपल्या वळणानं लिहिलं. परिपाठाची वेळ बदलली. तिसऱ्या दिवशी मॅडम दुसरीच्या मुलांना संख्या सांगत होत्या, "लिहा, साठ तीन." गुरुजी दारातूनच गरजले, "साठ तीन? ही काय भाषा झाली? त्रेसष्ट म्हणा!" पोरं खिदळली. मॅडम काही बोलल्या नाहीत. पुढच्या तासाला दुसरीचं गणित आपसूक गुरुजींकडं आलं.

त्या वर्गात मेंढपाळाची एक मुलगी होती. गुरुजींनी "त्रेसष्ट" म्हटलं की ती पाटीवर आधी तीन काढायची, मग त्याच्यापुढं सहा. छत्तीस! गुरुजींनी समजावलं, दटावलं, दहादा लिहून घेतलं. पाटी पुसली की पुन्हा छत्तीस. एकदा मात्र गुरुजींकडं पाठ करून बसली असताना ती स्वतःशीच पुटपुटली, "साठ तीन," आणि सहावर तीन बरोबर मांडले. गुरुजींना पाहताच तिनं घाईनं तळव्यानं पाटी पुसली.

मधल्या सुट्टीत गुरुजी मॅडमकडं गेले. "मॅडम, ते साठ तीनचं मला जरा सांगा."

मॅडमनी दुसरीचं पुस्तक उघडलं. 2019 पासून त्यात त्रेसष्टच्या जोडीला साठ तीनही आलं होतं. "त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो ना गुरुजी, पण लिहायचा नंतर. मूल जसं ऐकतं तसं लिहितं. साठ तीन पक्कं झालं की मग मी त्रेसष्टवर आणते. सोडून देत नाही."

गुरुजी बराच वेळ पुस्तक चाळत राहिले. मग म्हणाले, "मला तुमची मदत करायचीय. काय करू, ते तुम्हीच सांगा."

मॅडम संकोचल्या. "राग येणार नाही ना? मला शिकवायला वेळच उरत नाही. तांदूळ मोजायचा, खिचडी चाखायची, आहाराची नोंदवही लिहायची, सगळं मीच करते. तेवढं घ्याल का?"

एकेकाळच्या मुख्याध्यापकाला तांदळाच्या पोत्याशी बसवायचं म्हणजे काय, हे मॅडमनाही कळत होतं. गुरुजी म्हणाले, "चावी द्या."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी तराजूशी. हजर मुलामागं 100 ग्रॅम. सत्तावीस मुलं असली तर 2 किलो 700. तांदूळ निवडून झाला का, मीठ किती, खिचडीत डाळ दिसते की नुसती सांगण्यापुरती, सगळं ते जातीनं बघू लागले. नोंदवहीतला हिशोब ग्रॅमाला जुळू लागला. सुरुवातीला गावात थोडं हसणं झालं. "गुरुजींना कोठीवर बसवलं" म्हणून दोघं-तिघं मॅडमवर चिडलेही. इकडं दुसरीचा गणिताचा तास पुन्हा मॅडमकडं गेला आणि आता तो पुरा चाळीस मिनिटं चालायचा.

दिवाळीनंतर एक पालक तावातावानं आला. गुरुजींचाच जुना विद्यार्थी. "गुरुजी, तुम्ही असताना शाळेत हे काय चाललंय? पोरगं घरी पन्नास सात म्हणतंय!"

गुरुजींनी तराजूवरची नजर हलवली नाही.

"तू चौथीपर्यंत सत्तावन्नचे पंचाहत्तर लिहायचास. किती छड्या खाल्ल्यास माझ्या, आठवतंय?"

पालक ओशाळून हसला. "मग आता काय करू?"

"वर्गात जाऊन मॅडमना विचार. मी तांदळाकडं असतो."