पक्का हात, कच्चा हात

‘पक्का’ या शब्दावर आपला फार जीव आहे. पक्का रंग, पक्का विचार, पक्का माणूस. जे एकदा बसले ते पुन्हा हलता कामा नये, ही आपली टिकाऊपणाची कल्पना. आणि शाळामास्तराच्या तोंडी तर हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. परंतु हाताने घडविलेल्या गिटारवर पॉलिश कसे चढते आणि ते बिघडले तर कसे सांधतात, याची थोडी माहिती झाल्यापासून मला या शब्दाची धास्ती वाटू लागली आहे. गिटारच का, तंबोरा का नाही, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच.

रंगाच्या किंवा पॉलिशच्या एका थराला आपण ‘हात’ म्हणतो. दोन हात दिले, तीन हात दिले. या हातांचे मुळात दोन कुळे आहेत. पहिले कुळ चपडा लाखेचे. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचा चिमुकला कीटक जी राळ अंगाभोवती पाझरवितो, तिच्यापासून ही लाख होते. ही वस्तू आपल्या देशाची. तिच्या अभ्यासासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली खास संस्था निघाली. लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या आणि कापडाच्या बोळ्याने लाकडावर घासत राहायचे. स्पिरिट उडून जाते, लाख मागे राहते. येथे रासायनिक बदल जवळजवळ काहीच होत नाही. म्हणूनच उद्या पुन्हा स्पिरिटचा बोळा फिरविला की कालचा थर मऊ पडतो आणि नवा हात त्यात मिसळून जातो. शंभर हात दिले तरी शेवटी थर एकच.

दुसरे कुळ ‘पीयू’चे, म्हणजे पॉलियुरेथेनचे. दोन डब्यांतील द्रव्ये ऐन वेळी एकत्र करायची. मग त्यांचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन सगळीकडून जाळे विणले जाते. हा थर नुसता वाळत नाही, तो ‘सेट’ होतो. एकदा झाला की घाम, पाणी, स्पिरिट, कशालाच दाद देत नाही. मात्र ज्या गुणामुळे त्याला बाहेरचे काही लागत नाही, त्याच गुणामुळे त्याला स्वतःच्याच जातीचा नवा हातही लागत नाही. डब्यावर लिहिलेल्या काही तासांच्या आत दुसरा हात दिला तर तो पहिल्याशी जुळतो. ती वेळ टळली की पहिला थर पॉलिश पेपरने घासून ओरखडून घ्यावा लागतो, तेव्हा कुठे दुसरा त्यावर कसाबसा पाय रोवतो. दोन थर शेवटपर्यंत दोनच. पुढे घासताना वरचा थर कुठे फाटला तर तेथे नकाशातल्या किनाऱ्यासारखी रेघ उमटते, आणि ती रेघ कितीही चकाकी आणली तरी जात नाही. (आमच्याकडे दोन घरांत भांडण झाले की वडीलधारी माणसे त्याच रात्री दोघांना बोलते करीत. त्यांनाही डब्यावरचे तास ठाऊक असावेत.)

एवढ्यावरून लाखेची आरती करून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. लाख नाजूक असते. कोकणच्या पावसाळ्यात रात्री-अपरात्री मांडवातून मांडवात फिरणाऱ्या वादकाने ती का जपत बसावे? त्याला पीयूच हवे. उलट, ते फवारणाऱ्या कारागिराचे काय? त्या दोन डब्यांपैकी एकात आयसोसायनेट असते. त्याच्या तुषारांनी दमा जडू शकतो, आणि त्यापुढे तोंडाला बांधलेला रुमाल कुचकामी ठरतो. वस्तूचा टिकाऊपणा कोणाच्या छातीतून काढला, हे चकाकीवर लिहिलेले नसते. त्यातून गिटारची गोष्ट आणखी निराळी. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून एक गिटार बनविली. आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती फळी जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. तिच्यावर जाड, कडक कवच चढविले तर तिने थरथरायचे कसे?

आता ते कारण. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील मुलांना गिटार शिकवीत. ते गेल्यावर त्यांची गिटार तिच्याकडे आली. लाखेची. तीस वर्षे उजवा हात जेथे टेकला, तेथली चकाकी पार गेली होती आणि घामाने लाकूड करडे पडले होते. ती वाजवू लागली, तर तिचाही हात नेमका तेथेच टेकतो. उघडे लाकूड असेच ठेवले तर खराब होणार. पॉलिश करावे, तर वडिलांची म्हणून दाखविता येईल अशी तेवढीच एक जागा, तीही जाणार. “सर, काय करू?” तिने विचारले.

आणि येथे माझा सगळा युक्तिवाद उलटला. पीयूचे पॉलिश असते तर हा प्रश्नच आला नसता. त्याचा टवका उडतो, तो सुपरग्लूचे थेंब सोडून भरतात, घासून सपाट करतात. आणि तरी नीट पाहणाऱ्याला जागा कळते. न विरघळणारे विसरतही नाही. लाख मात्र सांधताना मागचे सगळे स्वतःत जिरवून टाकते. ज्याला आपण क्षमा म्हणतो, तिच्यातही असे काही पुसले जाते का? ज्याच्यावर अन्याय झाला त्याने म्हणावे, मला रेघ हवी आहे, ती माझी आहे. तर त्याला कोत्या मनाचा म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मला वाटते, जखम कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. गिटारची असेल तर ती बुजवावी. माणसाची असेल तर त्याला विचारल्याखेरीज बोळ्याला हात लावू नये.

मी तिला काही सांगितले नाही. पुण्याच्या एका कारागिराकडे घेऊन गेलो. त्याने गिटार खिडकीपाशी तिरकी धरून बराच वेळ पाहिली. “ताई, पेपर मारला तर लाकूड पांढरे निघेल,” तो म्हणाला. “नाही मारला तर डाग खालीच राहील, वरून लाख बसेल. चकाकी येईल, पण डाग दिसेल.” तिने पेपर नको म्हणून सांगितले.

आठवड्याने आम्ही गिटार आणायला गेलो. करडी जागा तशीच होती, काचेखाली ठेवल्यासारखी. त्याने एकच बजावले : महिनाभर पेटीत ठेवू नका, लाख अजून कोवळी आहे, अस्तराचे ठसे उठतील. बसमध्ये तिने ती सगळी वाट मांडीवर उभी धरली होती.